एकाच घरचे तीन कौल

"सर, ही लस तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलांना टोचली का?"

एवढं विचारून क्रांती खाली बसली नाही. हाताची घडी घालून उभीच राहिली. मागच्या बाकावर आम्रपाली आणि राणी ओढणीत तोंड खुपसून बसल्या होत्या, कारण प्रश्न मूळचा त्यांचा होता. सकाळी सायकल स्टँडवर पैज लागली होती. पालकसभेत, सगळ्यांच्या आईबापांदेखत, क्रांतीनं डॉक्टरांना हे विचारून दाखवायचं. विचारलं तर सांगलीच्या भडंगाचा मोठा पुडा तिचा. नाही विचारलं तर वर्षभर ह्या दोघींच्या सायकली तिनं पुसायच्या.

गेल्या वर्षीची क्रांती असती तर तिनं गुपचूप घरून फडकं आणलं असतं. हजेरीला "हजर" म्हणायचं तरी तिचा आवाज ओठापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी वळायचा. पण दिवाळीनंतर तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा झाली, शाळेची ठरलेली मुलगी गालफुगीनं अंथरुणाला खिळली, आणि बाईंनी आयत्या वेळी हिला ढकललं. ही स्टेजवर जी सुटली ती घंटा वाजली तरी थांबेना. बक्षीस दुसरं आलं, पण माईकची चव लागली ती लागलीच. त्या दिवसापासून क्रांती ग्रामसभेत बोलत होती, एसटीच्या कंडक्टरशी वाद घालत होती, आणि वर्गात सरांच्या प्रश्नाला उत्तर देऊन झाल्यावर सरांनाच उलटा प्रश्न विचारत होती.

समोर उभे होते आरोग्य केंद्राचे डॉक्टर राजरत्न. तरुण, शिडशिडीत, शर्टाची घडी न मोडलेला माणूस. बिचारे कधीपासून समजावत होते. यंदा स्वाइन फ्लूनं परत डोकं वर काढलंय, सातारा-सांगलीत पेशंट वाढायला लागलेत, शनिवारी शाळेतच लस द्यायची आहे, आईवडिलांची सही तेवढी पाहिजे. पालकांनी माना हलवल्या होत्या. कित्येकांनी तर खिशातली पेनं काढून टोपणंही उघडली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. परत घातला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "अजून नाही दिली. एकच मुलगी आहे, तिला द्यायची की नाही, आमच्या घरात ठरत नाहीये."

मग काय विचारता! सभागृहात नुसता कालवा.

"आवं, मग आमच्या पोरांवर परयोग करताय व्हय?"

"सायेब, आधी तुमचं लेकरू आना, मग आमी बाह्या वर करतो!"

"चला रं, उसाला पानी चालू हाय माझं."

डॉक्टर पुढं काहीतरी सांगत होते, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. पेनांची टोपणं लागली. पेनं खिशात गेली. मुख्याध्यापकांनी क्रांतीकडं असं बघितलं, की माईकचा शोध लावणारा माणूस समोर असता तर त्यांनी त्याला छडी मारली असती.

फाटकाबाहेर पुडा तिच्या हातात पडला. "तू म्हंजी तोफ हायस गं, तोफ!" आम्रपाली म्हणाली. क्रांतीनं ऐटीत मूठभर भडंग तोंडात टाकलं, आणि तेवढ्यात तिला पायऱ्यांवर शंभूराज दिसला.

शंभूराज तिचा धाकटा भाऊ. दुसरीत. दप्तर पाठीवर, खिशात दम्याचा पंप. बाकीची पोरं दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरत होती, हा एका पायरीवर थांबून, श्वास घेऊन, मग पुढची उतरत होता. गेल्या हिवाळ्यात साध्या सर्दीनं त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून झोपवला होता. साध्या सर्दीनं! मग हा मोठा फ्लू आला तर?

क्रांतीनं पुड्याचं तोंड मुडपून ठेवलं. प्रश्न तिनं पैजेसाठी विचारला होता. पण त्या प्रश्नानं जी टोपणं लागली, त्यात तिच्या स्वतःच्या मम्मीपप्पांचं पेनही होतं.

*

क्रांतीचे पप्पा, मानसिंग, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले होते आणि आता एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर होते. त्यांना लसीचं काहीच वाटत नव्हतं.

"फौजेत आमाला इचारतंय कोण?" संध्याकाळी चहा ओतता ओतता ते म्हणाले. "बाह्या वर, लाइन सीधी, दोन्ही अंगाला दोन कंपाउंडर. चालत जायाचं. ठक, ठक! पुढं गेल्यावर कळायचं की टोचलं. कशाची सुई हाय ह्ये कवा इचारलं न्हाई."

"म्हनूनच तुमाला अजून काय इचारायचं सुचत न्हाई," मम्मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

"अगं, तुज्या भावानं जतला एका दिवसात सगळ्या मेंढरांना टोचून घेतलं. तवा त्यानं मीटिंग बोलावलीवती का मेंढरांची?"

"माजा शंभू मेंढरू हाय व्हय?"

झालं. पप्पांनी चहाचा कप तोंडाला लावला. कारण मम्मीच्या ह्या एका वाक्यामागं काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शंभू तान्हा असताना मम्मी त्याला घेऊन माहेरी, जत तालुक्यात होती. तिथं त्याला बाळाची लस टोचली आणि संध्याकाळी ताप चढला. चढला तो असा, की पोरानं डोळे पांढरे केले, मुठी आवळल्या. गावात गाडी नाही. पाण्याचा टँकर रिकामा होऊन माघारी निघाला होता, मम्मी लेकराला छातीशी धरून त्याच्यात चढली आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत गेली. पप्पा तेव्हा सीमेवर. त्यांना फोन लागला तोवर शंभू दूध पिऊन झोपलासुद्धा होता. पुढं तसं परत कधी झालं नाही. पण सुईचं नाव काढलं की मम्मी अजून त्या टँकरमध्ये बसलेली असायची.

"त्यात तो डाक्टर सवताच्या पोरीला दीना," मम्मी म्हणाली. "बरं झालं क्रांते, इचारलंस ते."

शाबासकी मिळाली की क्रांतीची वेणी आपोआप ताठ व्हायची. आज झाली नाही.

*

आणि मग दोन दिवसांत घरात जे झालं, त्यानं क्रांतीचं डोकंच फिरलं.

बुधवारी सकाळी मम्मी डबा भरता भरता म्हणाली, "घालूया की एकदाची सुई. काय हुतंय?"

क्रांतीच्या हातातला कंगवा केसातच राहिला. मम्मी? सुईचं? स्वतःहून?

आणि त्याच संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले, बूट काढले, आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "गडबड नको. पुढच्या टायमाला बघू."

"आवं, तुमीच तर म्हनत हुता बाह्या वर, लाइन सीधी!"

"ते फौजेतलं झालं. लहान लेकराचं येगळं असतंय."

"आन कालपातूर?"

"कालपातूर तू काय म्हनत हुतीस?"

दोघं परत भांडायला लागली. मुद्दे तेच, वाक्यंही जवळजवळ तीच, फक्त माणसांनी जागा बदलल्या होत्या. खो-खोत जसं एक उठतो आणि दुसरा त्याच्या जागी बसतो, तसं. शंभूराज मधोमध बसून चपातीचा रोल खात एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. क्रांतीला कळेना, की आता पटवायचं कुणाला.

पप्पांच्या कपाळाला, केसांच्या कडेला, किंचित गुलाल राहिला होता. तिनं तो बघितला, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

*

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती आम्रपाली आणि राणीला चुकवून गावाच्या वरच्या अंगाला गेली. भैरोबाच्या देवळात. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. विज्ञान प्रदर्शनात पवनचक्की फिरवून दाखवणारी पोरगी देवाला कौल लावायला गेली म्हटल्यावर राणीनं तिला जन्मभर चिडवलं असतं. पण प्रश्न आता तिच्याच मानेवर बसला होता, आणि उतरवून ठेवायला दुसरी जागा दिसत नव्हती.

गावात कुणाचं काही ठरेना झालं की माणसं इथं यायची. लग्न, विहिरीची जागा, पोराला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली कळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नको. मागं गावानं वर्गणी काढून गाभाऱ्यात पंखा बसवला तेव्हा मोठं भांडण झालं होतं, कारण एकाच्या सोयरिकीला पंख्याच्या वाऱ्यानं नकार आला. तेव्हापासून कौल लावताना पंखा बंद करायचा, असा गावानं ठरावच केला होता.

जोतीराम गुरव पायरीवर बसून मोबाइलवर कुस्ती बघत होते.

"आबा, कौल लावायचाय."

"कशाचा?"

"लसीचा. शंभूच्या."

जोतीरामआबांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि तिच्याकडं बघून असे हसले, की त्यांचे उरलेले सगळे दात मोजता आले असते.

"तू तिसरी की गं."

"तिसरी म्हंजी?"

"मंगळवारी तुजी आई. बुधवारी ड्युटीवरनं येता येता तुजा बा. आता तू. एकाच घरचं एकच गाऱ्हानं. देवानं किती येळा ऐकायचं?"

क्रांती पायरीवर बसलीच. "मग? काय आलं?"

"आईला उजवी पडली. बापाला डावी." आबांनी हात झटकले. "दोगंबी मला म्हनाली, घरात बोलू नगा. मी बोललो न्हाई. घरात कुठं बोललो? देवळात बोललो."

म्हणजे असं होतं तर! पप्पांच्या कपाळाचा गुलाल इथलाच! मम्मीला नको होतं, देव म्हणाला हो. पप्पांना हवं होतं, देव म्हणाला नको. आणि दोघांनीही आपापलं मत देवळात ठेवून, देवाचं मत घरी नेलं होतं. तेही एकमेकांपासून चोरून! क्रांतीला हसू यायला लागलं ते थांबेना. आबांनी तिच्यासाठी पंखा बंद केला, देवाला पाणी घातलं, दोन कळ्या चिकटवल्या.

दोघं वाट बघत बसले. उजवी पडेना. डावीही पडेना. बाहेर कारखान्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेले, गाणी गेली, धूळ खाली बसली. कळ्या आपल्या जागी घट्ट.

"असं कवा हुतं का, आबा?"

"हुतं कवातरी."

"मग त्याचा अर्थ काय?"

आबांनी पंख्याचं बटन दाबलं. "मी आपला असा लावतो, की देव म्हनतोय, मला लय कामं हायती, तुमचं तुमी बघा."

*

देवळातून उतरताना तिनं सायकलचं तोंड घराकडं वळवलं होतं. अर्ध्या उतारावर ते आरोग्य केंद्राकडं वळलं.

डॉक्टर राजरत्न एकटेच बसले होते. तिला बघून त्यांनी खुर्चीत अंग चोरलं.

"ये, ये. आज कुठला प्रश्न आणलास? माझा पगार विचारणार का?"

"सर, सॉरी," क्रांती म्हणाली. "तो प्रश्न पैजेचा होता."

"पण प्रश्न चांगला होता. तू गेल्यावर माझी बायको फोनवर एवढंच म्हणाली, बघा, दहावीतल्या पोरीला कळतं ते तुम्हाला कळत नाही."

"मग तुमच्या घरात का ठरत नाही? तुम्ही पण कौल लावला?"

"आमच्याकडं कौल नसतो. आमच्याकडं व्हॉट्सअॅप असतं." डॉक्टर हसले. मग हसू विरलं. "दुसऱ्याच्या पोरांना सुई देताना माझा हात कचरत नाही बघ. स्वतःची पोर समोर आली की मी डॉक्टरच राहत नाही, नुसता बाप होतो. बायको म्हणते, तुम्ही ठरवा, तुम्हाला कळतं. मी म्हणतो, दोघं मिळून ठरवू. ती म्हणते, काही झालं तर मी म्हटलं असं व्हायला नको. आणि खरं सांगू, मलाही तेच नको असतं."

क्रांती टेबलाजवळ सरकली. हे वाक्य तिनं कुठंतरी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून नाही, पण घरात रोज ऐकत होती. मम्मीनं काय केलं? पप्पांनी काय केलं? आणि त्या सभागृहात पेनं उघडून बसलेल्या सगळ्यांनी? सगळ्यांना कुणीतरी दुसरा हवा होता. डॉक्टर नाहीतर देव. पुढं काही झालंच, तर बोट दाखवायला.

"सर, आता खरे प्रश्न विचारते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "माझ्या भावाला दमा आहे. तान्हा असताना लसीच्या तापात त्याला झटका आला होता. त्याला ही लस चालते का?"

डॉक्टरांनी आता खुर्चीत अंग चोरलं नाही. त्या वयात काही बाळांना तापात असा झटका येतो, त्यांनी सांगितलं, आणि मोठं होता होता बहुतेकांचं ते थांबतं. परत कधी आला नाही ना? मग त्यासाठी ही लस थांबवायची गरज नाही. उलट दमा असलेल्या मुलांना फ्लू झाला तर जास्त जड जातो, म्हणून अशांनाच आधी द्यावी. दंड दुखेल. ताप येऊ शकतो, आला तर काय द्यायचं ते आईला आधीच सांगून ठेवतो. फार क्वचित एखाद्याला लगेच त्रास होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात आणि औषध हाताशी असतं.

"आणि लस घेतली की फ्लू होणारच नाही?"

"असं मी म्हणणार नाही. होऊ शकतो. पण दवाखान्यात नळी लावायची वेळ येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते."

नळी. क्रांतीला शंभूचं ते पांढरं पडलेलं नाक आठवलं.

"मी सगळं विचारल्याशिवाय उठत नाही, सर," ती म्हणाली आणि अजून सतरा शंका विचारल्या. शेवटची होती, "सुई जाड असते का?"

निघताना ती दारात थांबली. "सर, तुमच्या मुलीला शनिवारी आमच्या रांगेत आणा की. पण माझ्यासाठी नका आणू. तुमच्या तुम्ही ठरवून आणा."

डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले.

*

रात्रीचं जेवण वाढलं होतं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि शंभूसाठी वेगळी, बिनतिखटाची. तो ताटाशी बसून मधूनच खोकत होता आणि प्रत्येक खोकल्याला मम्मीपप्पा दोघंही एकदमच मान वर करत होते.

"मी आज भैरोबाला गेलेवते," क्रांती म्हणाली.

पप्पांचा घास हवेत थांबला. "तू पन?"

"पन म्हंजी?" मम्मीनं पळी खाली ठेवली. "आवं, पन म्हंजी काय? तुमी गेलावता?"

"मी कुठं... ते आपलं जाता जाता..." पप्पा पाणी प्यायले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "आन तू गं? मंगळवारी ओटीचं ताट कुटं नेलंवतंस?"

मम्मीनं पदर तोंडाला लावला. आणि मग दोघांनाही असं हसू फुटलं, की शंभूराजला वाटलं आपल्याच नाकाला भाजी लागलीय, त्यानं तोंड पुसून घेतलं.

हसू ओसरल्यावर मम्मी हळूच म्हणाली, "त्या टँकरमदी मी एकटी हुते. परत एकटीनं म्हनायचं धाडस हुईना मला. म्हनलं, देवानं म्हनावं."

पप्पा ताटातली भाकरी चुरत बसले. "आन मी तवा न्हवतोच. लांबनं बाह्या वर म्हनायला काय जातंय? काल तू हो म्हनाया लागलीस आन मलाच भ्या वाटाया लागलं. म्हनलं, काय झालं तर ही मला म्हनायची, तुमचंच ऐकलं."

घरात एवढं खरं एकाच ताटावर कधी बोललं गेलं नव्हतं. क्रांतीनं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, तापाचं, झटक्याचं, दम्याचं, अर्ध्या तासाचं. मम्मीनं मधे मधे विचारलं, "आन ताप चढला तर?" "आन रातीचं चढला तर?" आणि क्रांतीकडं प्रत्येकाचं उत्तर होतं, कारण ते तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. पण सगळं ऐकून झाल्यावर मम्मीनं पप्पांकडं बघितलं, पप्पांनी मम्मीकडं बघितलं, आणि दोघांनी परत ताटात मान घातली.

"मग, आबांनी तुला काय सांगितलं?" पप्पांनी विचारलं. "कुटली पडली?"

"एकपन न्हाई."

"एकपन न्हाई?"

"दोन्ही कळ्या चिकटून बसल्या. देव म्हनला, तुमचं तुमी बघा." क्रांती ताटावरून उठली आणि स्टेजवर उभी राहायची तशी चुलीसमोर उभी राहिली. माईक नव्हता, पण आवाज तोच. "म्हनून मी बघितलं. मी ठरवलंय. शनिवारी रांगेत पहिली मी, दुसरा शंभू. मम्मी, तू त्याच्या शेजारी बसायचं, अर्धा तास. पप्पा, तुमी ड्युटी बदलून घ्यायची, कारन ह्या येळी तुमी तिथं असनार हायसा. सही दोघांनी करायची, एकाखाली एक. आन काय झालंच, तर देवाचं नाव घ्यायचं न्हाई, डॉक्टरचं न्हाई, आन एकमेकांचं तर न्हाईच. म्हनायचं, क्रांतीनं ठरवलं. आता वाढ मला अजून एक भाकरी."